आर्किटेक्चरच्या पाच वर्षांत हवामान कुठल्या तासाला येतं?

हा आपल्या नव्या एपिसोडचा लिखित मजकूर. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी. बोलताना झालेली "म्हणजे"ची उधळण काढून टाकली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

विषय एका श्रोत्याच्या मेलवरून सुचला. त्यांची मुलगी नाटाची तयारी करतेय. तिनं वडिलांना विचारलं, "पृथ्वी तापतेय, आणि त्यात इमारतींचा मोठा वाटा आहे, असं सगळीकडे वाचते. मग बी.आर्क.च्या पाच वर्षांत मला याबद्दल नक्की काय शिकवणार?" वडिलांनी तो प्रश्न माझ्याकडे पाठवला.

आधी सांगतो, मी आर्किटेक्ट नाही. बी.टेक. करून सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा माणूस आहे. पण धाकटी बहीण आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. त्यामुळे घरात शीट्स, थर्माकोल आणि ज्युरीच्या आदल्या रात्रीची जागरणं बरीच पाहिली आहेत. तिच्याशी बोलून, पुस्तकं चाळून जे हाती लागलं त्याचं थोडक्यात उत्तर असं: हवामान शिकवतात, बऱ्यापैकी शिकवतात. पण जिथे मार्क मिळतात तिथे ते विचारलंच जाईल असं नाही. या एका फटीतून केवढं काय निसटतं, ते आज बघू.

मजल्याचा प्रश्न

मुळात एवढं अडलंय काय? उन्हाळा आला, एसी लावला, संपलं. असं वाटत असेल तर अहमदाबादचं उदाहरण घ्या.

मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांपर्यंत गेला. त्या महिन्यात शहरात नेहमीच्या मे महिन्यापेक्षा १,३०० हून जास्त मृत्यू झाले. त्यानंतरच शहराने उष्णतेशी लढण्याचा कृती आराखडा केला, २०१३ मध्ये. त्याच लाटेत तिथल्या एका हॉस्पिटलातल्या नवजात बाळांच्या विभागाचा डॉक्टरांनी अभ्यास केला. तिथला प्रसूती विभाग वरच्या मजल्यावर होता. तो खालच्या मजल्यावर आणल्यावर उष्णतेच्या त्रासाने दाखल होणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्याहून जास्त कमी झालं.

नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. फक्त मजला बदलला. म्हणजे हा निर्णय मुळात नकाशा काढतानाचा होता. कुठली खोली छताखाली, कुठली पश्चिमेला, कुठल्या खिडकीवर किती छज्जा, हे ठरवणाऱ्या माणसाच्या हातात लोकांची तब्येत असते. आणि तो माणूस हे सगळं कॉलेजात शिकतो किंवा शिकत नाही.

दुसरी बाजू इमारतींमुळे होणाऱ्या उत्सर्जनाची. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२१ मध्ये ऊर्जा आणि उद्योगप्रक्रियांतून जगभर जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला, त्यातला साधारण ३७ टक्के इमारती बांधण्यातून आणि वापरण्यातून आला. म्हणजे इमारत उष्णतेची शिकारही आहे आणि कारणही.

तक्रार एका विद्यार्थ्याची होती

मला वाटलं होतं की आर्किटेक्चरच्या शिक्षणात हवामान हा विषय अलीकडे आला असेल. तसं नाही. ही गोष्ट सत्तर वर्षं जुनी आहे.

ॲडेडोकुन ॲडेयेमी नावाचा नायजेरियन विद्यार्थी १९५० च्या सुमारास मँचेस्टरमध्ये आर्किटेक्चर शिकत होता. त्याचं म्हणणं साधं होतं: तुम्ही मला थंडीतल्या देशाची घरं बांधायला शिकवताय, मी परत जाणार नायजेरियाला. या तक्रारीला वजन आलं आणि १९५३ मध्ये लंडनला उष्ण प्रदेशातल्या वास्तुकलेवर परिषद भरली. पुढच्याच वर्षी तिथल्या आर्किटेक्चरल असोसिएशनच्या शाळेत 'ट्रॉपिकल आर्किटेक्चर'चा वेगळा विभाग सुरू झाला. सुरुवातीला मॅक्सवेल फ्राय आणि नंतर बरीच वर्षं ऑटो कोनिग्सबर्गर यांनी तो चालवला.

कोनिग्सबर्गर यांचं भारताशी घट्ट नातं. बर्लिनचे ज्यू आर्किटेक्ट. हिटलर आल्यावर नोकरी गेली, भटकत १९३९ मध्ये म्हैसूर संस्थानात आले आणि तिथे मुख्य आर्किटेक्ट झाले. जमशेदपूरच्या आराखड्यावर त्यांनी काम केलं, १९४८ चा भुवनेश्वरचा आराखडा त्यांचा, आणि स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारचं गृहनिर्माण खातंही त्यांनी सांभाळलं. इथे घाम गाळून जे शिकले तेच पुढे लंडनला शिकवलं. म्हणजे उष्ण हवामानातल्या इमारतींचं जे शास्त्र आज जगभर पाठ्यपुस्तकांत आहे, त्यातला बराचसा धडा आपल्याकडच्या उन्हात गिरवलेला आहे.

माहोनी तक्ते: कागदावरचा प्रोग्राम

या विभागातून बाहेर पडलेली एक गोष्ट माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला फार आवडली. कोनिग्सबर्गर यांचे सहकारी कार्ल माहोनी यांचे तक्ते. संयुक्त राष्ट्रांनी ते १९७१ मध्ये छापले. बहिणीच्या वहीत पाहिले तेव्हा म्हटलं, अरे, हा तर प्रोग्राम आहे! फक्त कॉम्प्युटरऐवजी पेन्सिलने चालवायचा.

इनपुट अगदी थोडं. आपल्या गावाच्या बारा महिन्यांचं सरासरी कमाल आणि किमान तापमान, आर्द्रता, पाऊस. आर्द्रतेचे चार गट पाडायचे: ३० टक्क्यांखाली पहिला, ३० ते ५० दुसरा, ५० ते ७० तिसरा, त्यावर चौथा. प्रत्येक गटाला सुसह्य तापमानाच्या मर्यादा दिलेल्या आहेत. उष्ण प्रदेशात हवा एकदम कोरडी असेल तर दिवसा ३४ अंशांपर्यंत चालतं. हवा दमट असेल तर २७ च्या वर गेलं की तो महिना 'गरम'. मुंबईकराला हे समजावून सांगायला नको.

मग दर महिन्यासमोर सहा खुणांपैकी लागू पडतील त्या करायच्या. तीन दमट हवेच्या: वारा हवाच, वारा असला तर बरा, पावसापासून बचाव हवा. तीन कोरड्या हवेच्या: जाडजूड भिंती-छत हवं, रात्री बाहेर झोपायला जागा हवी, थंडीपासून बचाव हवा. प्रत्येक खुणेचा नियम ठरलेला. महिन्याचा पाऊस २०० मिलिमीटरच्या वर गेला की पावसाची खूण. हवा फार दमट नाही आणि दिवस-रात्रीच्या तापमानात १० अंशांहून जास्त फरक आहे, की जाड भिंतींची खूण.

शेवटी कुठली खूण किती महिने आली ते मोजायचं आणि उत्तर वाचायचं. 'वारा हवाच' तीन महिने किंवा जास्त आलं तर खोल्या एकाच ओळीत ठेवा, म्हणजे प्रत्येक खोलीला दोन्ही बाजूंनी खिडक्या मिळतील. 'जाड भिंती' सहा महिने किंवा जास्त आलं तर छत असं जड करा की बाहेरची उष्णता आत उतरायला आठ तासांहून जास्त लागतील.

आता मुंबई घालून बघा. पावसाळ्याचे चारही महिने वाऱ्याची खूण येते आणि पावसाचीही. उत्तर स्पष्ट आहे: एका ओळीत खोल्या, आरपार वारा, पावसापासून झाकलेल्या खिडक्या. कोकणातल्या घराची पडवी आणि उतरतं छप्पर, गिरगावच्या चाळींची गॅलरी आठवा. मग मधे अंधारा कॉरिडॉर आणि दोन्ही बाजूंना घरं अशा किती इमारती आपण रोज बघतो तेही आठवा. त्यातल्या घरांना एकाच बाजूने हवा. वारा आत येणार, पण जाणार कुठून?

नागपूर घाला. जाड भिंतींची खूण सहा महिन्यांहून जास्त वेळा येते. वर रात्री बाहेर झोपायला जागा करा, असंही तक्ता सांगतो. विदर्भात अंगणात बाजा टाकून झोपणाऱ्या आजीला हे लंडनहून कळायची गरज नव्हती. आणि मराठवाड्यात मातीचं जाड माळवद का होतं, त्याचंही कारण इथेच सापडतं. नुसता चार-पाच इंची काँक्रीटचा स्लॅब आठ तास तग धरत नाही. दुपारचं ऊन संध्याकाळीच आत पोचवतो, आणि आपण रात्री अकराला पंख्याखाली गरम हवा खात पडतो.

मग काचेच्या इमारती कुठून आल्या?

हे सगळं पन्नास वर्षांपूर्वी छापलेलं. आपल्याकडच्या अभ्यासक्रमातही 'क्लायमेटॉलॉजी' नावाचा विषय साधारण पहिल्या-दुसऱ्या वर्षात असतो, सूर्याचा मार्ग काढायला शिकवतात. तरीही मी पुण्यात ज्या इमारतीत काम करतो तिची पश्चिम बाजू वरपासून खालपर्यंत काचेची आहे. दुपारी तीनला सगळे ब्लाइंड्स खाली, आतले दिवे चालू, एसी जोरात. उजेडासाठी काच लावली, उन्हासाठी ती झाकली, आणि दोन्हींचं बिल वेगवेगळं भरलं.

पश्चिमेचं गणित तसं सोपं आहे. महाराष्ट्रात मे महिन्यात दुपारी बाराला सूर्य जवळपास डोक्यावर असतो. तेव्हाच्या उन्हाला साधा आडवा छज्जा पुरतो. चार वाजता तो पश्चिमेला खाली उतरतो आणि छज्ज्याखालून थेट आत येतो. तिथे उभ्या पट्ट्या, जाळी, खोल खिडकी किंवा सरळ लहान खिडकी हवी. हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला येतं. मग चौथ्या वर्षाच्या डिझाइनमध्ये का दिसत नाही?

उत्तर बहिणीने दिलं. बहुतेक कॉलेजांत सगळ्यात जास्त तास आणि सगळ्यात जास्त मार्क डिझाइन स्टुडिओला असतात. सहा महिने एक प्रकल्प करायचा आणि शेवटी ज्युरीसमोर मांडायचा. क्लायमेटॉलॉजीचा पेपर वेगळा, त्याचे मार्क वेगळे, तो पास झालात की संपला. ज्युरीत संकल्पना विचारतात, फॉर्म विचारतात, पार्किंगही विचारतात. "पश्चिमेच्या खोलीत एप्रिलमध्ये चार वाजता किती तापेल?" हे विचारलं जातंच असं नाही. तिच्या शेवटच्या तीन ज्युरींत एकदाही कुणी विचारलं नाही.

आमच्या धंद्यात याला सरळ शब्द आहेत: टेस्ट लिहिलेली आहे, पण ती चालवल्याशिवाय कोड पुढे जाणार नाही अशी अट नाही. अट नसली की डेडलाइनच्या रात्री टेस्ट कोण चालवतो? इथेही तेच. विद्यार्थी आळशी नाहीत. ज्याची विचारणा होते त्यावर ते रात्र जागतात.

हे ओळखणारा एक माणूस अमेरिकेत होता, एडवर्ड मॅझ्रिया. २००७ मध्ये त्यांनी आर्किटेक्चर शाळांपुढे एक मागणी ठेवली. तिचा गाभा इतकाच होता की प्रत्येक स्टुडिओ प्रकल्पाच्या लेखी अटींत एक वाक्य वाढवा: इमारतीला जीवाश्म इंधनाची गरज अगदी कमी किंवा शून्य असावी. नवीन विषय नाही, नवीन विभाग नाही. प्रश्नपत्रिकेत एक ओळ. मला हा उपाय फार नेमका वाटतो, कारण तो मार्क जिथे आहेत तिथेच हात घालतो.

रिकामा प्लॉट नावाची कल्पना

समजा ती ओळ आली. तरी अर्धंच काम होतं. कारण इमारत वापरताना लागणारी वीज हा हिशेबाचा एक भाग. दुसरा भाग इमारत उभी राहण्याआधीच खर्च झालेला असतो, सिमेंट, स्टील, विटांमध्ये.

सिमेंटचं बघा. चुनखडी भट्टीत तापवली की तिचा चुना होतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. बारावीच्या केमिस्ट्रीचं समीकरण: १०० किलो शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटमधून ५६ किलो चुना आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड. हा वायू इंधनातून आलेला नाही, दगडातूनच आलेला आहे. त्यामुळे भट्टी उद्या सौरऊर्जेवर चालवली तरी हे ४४ किलो सुटणारच. म्हणून कमी सिमेंट वापरणं हाच पहिला उपाय, आणि तो डिझाइन करणाऱ्याच्या हातात आहे.

केरळमध्ये लॉरी बेकर यांनी हे करून दाखवलं. स्लॅबच्या खालच्या भागात ताण असतो आणि तो लोखंडी सळ्या घेतात. तिथलं काँक्रीट जवळपास भरावापुरतं. बेकर यांनी त्या जागी टाकाऊ मंगलोरी कौलं बसवली. काँक्रीट वाचलं, वजन कमी झालं, आणि कौलांमधल्या पोकळीमुळे उष्णताही जरा कमी उतरू लागली. यालाच 'फिलर स्लॅब' म्हणतात. वर्गात तासाभरात सांगता येतो, पण एकदा हाताने घातल्याशिवाय खरा समजत नाही, असं साइटवर जाऊन आलेल्या माझ्या बहिणीचं मत.

पण त्याहून मोठी बचत म्हणजे जे उभं आहे ते न पाडणं. फ्रान्सच्या ॲन लाकातों आणि जाँ-फिलिप वासाल यांना २०२१ चा प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. त्यांचं एक गाजलेलं काम बोर्दो शहरातलं आहे. जुन्या सरकारी वसाहतीतली ५३० घरं पाडायची नाहीत असं ठरवून, त्यांनी सहकाऱ्यांबरोबर प्रत्येक घराला बाहेरून काचेची बंद होणारी खोल गॅलरी जोडली. घरं मोठी झाली, उजेड आला, हिवाळ्यात गरम करण्याचा खर्च कमी झाला. आणि काम चालू असताना लोक आपल्याच घरात राहिले.

आता आपल्या स्टुडिओकडे वळा. प्रकल्पाचा विषय बहुतेकदा कसा सुरू होतो? "हा प्लॉट. यावर सांस्कृतिक केंद्र काढा." प्लॉट रिकामा. मुंबई-पुण्यात रिकामा प्लॉट सापडतो तरी कुठे? तिथे तीन-चार मजली जुन्या सोसायट्या आहेत, त्यांचं रिडेव्हलपमेंट आहे. पुढच्या वीस वर्षांत या शहरांतल्या आर्किटेक्टचं बरंच काम याच इमारतींवर असणार. त्यांतली कुठली खरोखर धोकादायक, कुठली दुरुस्त होऊन अजून तीस वर्षं उभी राहू शकते, हे मोजायला शिकवणारा स्टुडिओ मला अभ्यासक्रमात पहिल्या नंबरवर हवा. "पाडायचं की नाही?" हा प्रश्न नकाशाच्या आधी यायला हवा.

सरासरी वर्ष कधीच येत नाही

तिसरी फट सगळ्यात कमी दिसते, आणि ती माझ्या कामाच्या जवळची आहे.

आज चांगल्या कॉलेजांत विद्यार्थी कॉम्प्युटरवर इमारत तपासतात. एनर्जीप्लस नावाचं सॉफ्टवेअर मोफत आहे, मुक्त स्रोत आहे. त्यात शहराच्या हवामानाची फाइल टाकायची, वर्षभराच्या प्रत्येक तासाचं तापमान, आर्द्रता, ऊन सगळं त्यात असतं. पण ती फाइल कशी बनते? मागच्या बऱ्याच वर्षांतून सर्वांत 'नेहमीसारखा' जानेवारी निवडायचा, सर्वांत 'नेहमीसारखा' फेब्रुवारी निवडायचा, आणि असे बारा महिने शिवून एक वर्ष करायचं. विजेच्या खर्चाचा अंदाज घ्यायला हे उत्तम. पण बघा, त्या निवडीतच टोकाचे महिने गळून जातात. मे २०१० सारखा मे त्या फाइलमध्ये येणारच नाही. माहोनी तक्तेही मागच्या सरासरीवरच चालतात.

आणि आज दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीने २०३५ मध्ये बांधलेली इमारत २०८५ ला उभी असेल. तिला कुठल्या वर्षाची फाइल द्यायची? आमच्याकडे एखादी किंमत कोडमध्ये कायमची लिहून टाकली की रिव्ह्यूमध्ये कोणीतरी बोट ठेवतं. हवामान ही अशीच कायमची लिहिलेली किंमत होऊन बसली आहे. उपाय अवघड नाही. तोच प्रकल्प तीनदा तपासायचा: नेहमीच्या वर्षात, आतापर्यंतच्या सगळ्यात वाईट आठवड्यात, आणि त्याच आठवड्यात वीज गेली तर. तिसरी तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एसी बंद पडल्यावर आतला माणूस किती तास नीट राहू शकतो, हा त्या डिझाइनचा खरा निकाल.

काय बदलतंय, आणि काय हातात नाही

गोष्टी हलतायत. ब्रिटनमध्ये २०१९ मध्ये विद्यार्थ्यांनीच आपल्या शाळांना खुलं पत्र लिहून अभ्यासक्रम बदलायची मागणी केली. तिथल्या आर्किटेक्टांच्या संस्थेने, रिबाने, २०२० मध्ये हवामानाचं ज्ञान हे आवश्यक कौशल्यांत धरलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मान्यता देणाऱ्या मंडळाच्या निकषांतही पर्यावरणाचं ज्ञान आणि जबाबदारी आली. आपल्याकडे व्यावसायिक इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आली आणि घरांसाठी 'इको निवास संहिता' २०१८ मध्ये. दुसरीत एक सोपा आकडा आहे. भिंती-खिडक्यांतून घरात शिरणारी उष्णता, सरासरी दर चौरस मीटरला १५ वॉटच्या आत हवी. हा आकडा विद्यार्थ्याला हाताने काढता येतो. प्रत्येक ज्युरीच्या शीटवर तो एका कोपऱ्यात लिहायला लावला तरी चर्चा बदलेल.

काही जण म्हणतील, आर्किटेक्टच्या हातात असतं काय? प्लॉटचं तोंड ठरलेलं, एफएसआय ठरलेला, बिल्डरला काच हवी. खरं आहे. मॅझ्रिया यांच्या त्या एका ओळीने बिल्डर बदलणार नाही. पण खिडकी कुठे, जिना पश्चिमेला टाकून बेडरूम वाचवायची का, संडास-बाथरूमची रांग उन्हाच्या बाजूला न्यायची का, हे निर्णय नकाशावर असताना जवळपास फुकट असतात. स्लॅब पडल्यावर त्यांची किंमत रहिवासी भरतात, दर महिन्याच्या बिलात. आणि "ही काच लावलीत तर एसीचं टनेज इतकं वाढेल" हे बिल्डरला आकड्यात सांगता येणारा आर्किटेक्ट आणि नुसतं "पर्यावरणासाठी चांगलं नाही" म्हणणारा, यांतल्या कुणाचं ऐकलं जाईल हे उघड आहे.

तेव्हा मेल पाठवणाऱ्या काकांच्या मुलीसाठी सांगतो. कॉलेज बघायला जाशील तेव्हा इमारतीचा फोटो काढण्याआधी तिथल्या चौथ्या वर्षाच्या कुणाला तरी गाठ आणि चार गोष्टी विचार. मागच्या वर्षीच्या स्टुडिओत किती प्रकल्प जुन्या, उभ्या इमारतींवर होते? ज्युरीत ऊन-वाऱ्याला वेगळे मार्क आहेत का? वर्षातून एकदा तरी स्वतःच्या हाताने भिंत किंवा स्लॅब घालायला मिळतो का? आणि वीज गेल्यावर इमारत कशी वागेल हे कुणी कधी तपासलं का? चारांतली दोन "हो" आली तरी कॉलेज वाईट नाही. एकही आली नाही तर प्रवेश घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही. पण मग हे प्रश्न ज्युरीत तुलाच विचारावे लागतील. ॲडेयेमीने तेच केलं होतं.

पुढच्या एपिसोडमध्ये छतावर पांढरा रंग मारल्याने खोली खरंच थंड होते का, ते आकड्यांत बघू. तोवर तुमच्या घरातली सगळ्यात गरम खोली कुठली आणि तिची खिडकी कुठल्या दिशेला आहे, हे मला जरूर कळवा. भेटू.